बुद्धिबळातल्या ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) फाइल सांभाळायची कशी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे छाटायची कशी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची रॅपिड (कमी वेळाच्या डावांची) स्पर्धा, तिसरा राउंड, समोर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. मी काळ्यानं कॅरो-कान नावाची ओपनिंग खेळलो (पुढं नुसतं घराचं नाव दिसलं की समजा तिथं प्यादं ढकललं). ई४ सी६, डी४ डी५, ई५, मी उंट एफ५ ला काढला, आणि त्यानं झटक्यात एच४ ढकललं. मी सवयीनं ई६. मग जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५, उंट मेला. सातव्या चालीत एक अख्खं मोहरं खाली. घरी येऊन लॅपटॉप उघडला तर माझ्या ओपनिंगच्या फाइलमध्ये एच४ ला उत्तर होतं! एच५ करून प्यादं थांबवायचं, पुढं चौदाव्या चालीपर्यंत विश्लेषण, उद्गारचिन्हंबिन्हं सगळं. फक्त ते कंसातल्या कंसातल्या कंसात होतं आणि मी ते सहा महिन्यांपूर्वी एकदा बघितलं होतं.

त्या रात्री फाइल मोजली. एका कॅरो-कानचे साडेतीनशेच्या वर व्हेरिएशन्स (चालींचे फाटे) निघाले. दुसऱ्याचे कोर्स बघून, इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावून, डेटाबेसमधून ओढून भरलेले, लग्नाच्या रुखवतासारखे, बघायला भारी पण रोज कोण खातंय. तेव्हापासून मी पद्धत बदलली, आणि ग्रुपवर तीन-चार जणांनी विचारलं म्हणून नीट लिहून काढतोय. मी काही मास्टर वगैरे नाही, सोळाशे रेटिंगच्या आसपास लटकलेला माणूस आहे, त्यामुळे हे सगळं त्याच पातळीच्या लोकांसाठी, ज्यांना नोकरी किंवा कॉलेज आहे आणि दिवसाला अर्धा तास मिळाला तरी खूप.

आधी सॉफ्टवेअरचं. चेसबेस हा डावांच्या डेटाबेसचा विकतचा प्रोग्रॅम घेतलेला असेल तर उत्तम, मेगा डेटाबेसमध्ये कोटीभर डाव असतात आणि रेफरन्स टॅबमध्ये सगळं पटकन दिसतं. पण विकत घेतलंच पाहिजे असं अजिबात नाही. मी त्याच कामाचं स्किड व्हर्सेस पीसी वापरतो, फुकट आहे, दिसायला नव्वदच्या दशकातलं सरकारी ऑफिस वाटतं पण काम चोख. जोडीला लिचेस ही ऑनलाइन खेळायची साइट, तीही फुकट. आणि स्टॉकफिश हे इंजिन, तेही फुकट. म्हणजे खर्च शून्य, कारण नको.

आता मुख्य मुद्दा, आणि इथंच बहुतेक लोक घोळ घालतात. डेटाबेस एक नाही, तीन ठेवायचे, आणि त्यांची सरमिसळ कधीच करायची नाही. पहिला मोठा संदर्भाचा, ज्यात जगभरचे डाव, ह्यात तुम्ही स्वतः काही लिहायचं नाही, फक्त बघायचं. दुसरा तुमच्या स्वतःच्या डावांचा, हरलेले जिंकलेले सगळे, ऑनलाइन आणि बोर्डावरचे. तिसरा रेपर्टॉयरचा, म्हणजे तुम्ही स्वतः खेळायचं ठरवलेल्या ओपनिंगचा, आणि हा सगळ्यात लहान पाहिजे. माझी चूक हीच होती की पहिल्यातलं उचलून तिसऱ्यात ओतत होतो आणि दुसरा डेटाबेस तर अस्तित्वातच नव्हता, स्कोअरशीट पिशवीत चुरगळून पडलेल्या असायच्या.

मोठा डेटाबेस बनवायला द वीक इन चेस ह्या साइटवरून सुरुवात करा. मार्क क्राउदर नावाचा माणूस १९९४ पासून दर आठवड्याला जगभरातले डाव गोळा करून पीजीएन (डाव मजकुरात लिहायची पद्धत) फाइल देतोय, फुकट. सगळे जुने अंक डाउनलोड करायच्या फंदात पडू नका, शेवटच्या तीन-चार वर्षांचे घेतले तरी आपल्याला बास. स्किडमध्ये नवीन डेटाबेस तयार करून त्यात पीजीएन इंपोर्ट करायच्या, मग मेंटेनन्स विंडोत जाऊन तीन गोष्टी ह्याच क्रमानं करायच्या: आधी नावांचं स्पेलचेक, मग दुहेरी डाव काढणं, मग कॉम्पॅक्ट. क्रम उलटा केला तर काय होतं, एकच डाव दोन वेगळ्या स्पेलिंगनं आला असेल तर सॉफ्टवेअरला तो एकच आहे हे कळतच नाही आणि दोन्ही राहतात. आणि कॉम्पॅक्ट केल्याशिवाय डिलीट केलेले डाव खरे जात नाहीत, नुसती खूण होते. ईसीओ कोडही (ओपनिंगच्या वर्गीकरणाचे) तिथंच लावून घ्या, ए०० ते ई९९ असे पाचशे कोड आहेत, कॅरो-कान म्हणजे बी१० ते बी१९, त्यातली ॲडव्हान्स (पांढरा ई५ ढकलतो ती) म्हणजे बी१२. पाठ करायची गरज नाही, शोधायला बरं पडतं एवढंच.

एक सावध सूचना, क्लिपबेस नावाची जागा दिसेल स्किडमध्ये, ती तात्पुरती आहे, प्रोग्रॅम बंद केला की सगळं साफ. मी एकदा दोन तासांचं काम त्यात करून लॅपटॉप बंद केला. पुढं बोलत नाही.

आता रेपर्टॉयरची फाइल. इथं दोन पंथ आहेत, एक म्हणतात सगळं एकाच डावात व्हेरिएशन्स म्हणून भरा, दुसरे म्हणतात एक लाइन (चालींची एक सलग मालिका) म्हणजे एक डाव. मी ठामपणे दुसऱ्या पंथाचा. एकाच डावात भरलं की पाचव्या चालीनंतर कंसांचं जंगल होतं आणि मग ते एच४ वालं माझं झालं तसं होतं. एक लाइन एक डाव केलं की प्रत्येकाला नाव देता येतं. पीजीएनमध्ये पांढऱ्याच्या आणि काळ्याच्या खेळाडूचं नाव लिहायच्या जागा असतात ना, तिथंच मी मथळा लिहितो: पांढऱ्याच्या जागी ‘कॅरो ०३ ॲडव्हान्स’, काळ्याच्या जागी ‘ताल एच४’ (ताल हे त्या लाइनचं नाव). यादी उघडली की अनुक्रमणिका तयार. आकडा पुढं लावायचा म्हणजे क्रमानं लागतात, आणि दोन आकडी लावा, नाहीतर १ नंतर १० येतं आणि २ खाली जातं.

नियम असा की तुमच्या बाजूची चाल एकच. पर्याय नकोत. ‘इथं एच५ पण चालतं आणि एच६ पण चालतं’ असं लिहिलं की बोर्डावर बसल्यावर घड्याळाची चार मिनिटं त्यात जातात. एक निवडा, दुसरी पुसा. समोरच्याच्या चाली मात्र वेगवेगळ्या डावांत.

मग समोरच्याच्या किती चालींना उत्तर ठेवायचं? इथं ट्री विंडो कामाची. संदर्भाचा डेटाबेस उघडून ट्री लावला की त्या पोझिशनला कुठली चाल किती वेळा खेळली गेली, स्कोअर काय, सरासरी रेटिंग काय, सरासरी वर्ष कुठलं हे दिसतं. माझा साधा हिशोब, वीस डावांत एकदा तरी येत असेल तर तिला स्वतःचा डाव, त्याहून कमी असेल तर एक वाक्याची कमेंट, ‘काही विशेष नाही, उंट बाहेर काढ, ई६ कर, किल्लेकोट कर’. एवढंच.

स्कोअरच्या आकड्यानं मात्र फसू नका. स्किडमध्ये तो टक्का कायम पांढऱ्याच्या बाजूनं असतो, म्हणजे तुम्ही काळ्यानं खेळत असाल तर कमी तो चांगला, मी पहिले दोन आठवडे उलटं वाचत होतो. आणि एखाद्या चालीचा स्कोअर भारी दिसला तर आधी डाव किती ते बघा, सहा डावांवर काढलेला टक्का म्हणजे गल्लीतल्या सहा जणांना विचारून निवडणुकीचा अंदाज. सरासरी वर्ष १९८० च्या आसपास असेल तर विचारा की लोकांनी ती सोडली का. आणि दोन्हीकडच्या खेळाडूंच्या रेटिंगमध्ये फरक असेल तर चाल चांगली म्हणून जिंकले की खेळाडू चांगला म्हणून, हे ट्री सांगत नाही, त्यासाठी एक-दोन डाव उघडून खरंच बघावे लागतात. हे काम कोणी करत नाही. करा. सगळ्यात जास्त शिकायला तिथंच मिळतं, ओपनिंग संपल्यावर हत्ती कुठल्या पट्टीत जातात, घोडा कुठं बसतो, हे.

दुसरं असं की मास्टर लोक जे खेळतात ते आपल्यासमोर येत नाही. लिचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररमध्ये मास्टर्सचा टॅब आहे, त्यात २२०० च्या वर फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग असलेल्यांचे १९५२ पासूनचे डाव, आणि त्याच्या शेजारी लिचेसचा स्वतःचा टॅब, ज्यात आपल्यासारख्यांचे डाव, आणि तिथं रेटिंगचा फिल्टर लावता येतो. ह्या दोन टॅबमध्ये तीच पोझिशन बघितली की डोळे उघडतात. ॲडव्हान्समध्ये मास्टर्सकडे घोडा एफ३ आणि मग उंट ई२ असं शांत काम दिसतं, ग्रँडमास्टर नायजेल शॉर्टच्या नावानं ओळखली जाते ती पद्धत, आणि कोर्सवाले तिच्यावर तासन्‌तास बोलतात. माझ्याकडे मात्र निम्मे लोक तिसऱ्या चालीतच प्याद्यानं प्यादं मारून एक्सचेंज करतात आणि मी त्यावर काहीच तयारी केली नव्हती, कारण ‘एक्सचेंज काय, बरोबरीच आहे’. बरोबरी असेल हो, पण पुढं उंट डी३ ला येतो, सी३ होतं, आणि पंधराव्या चालीला राजावर हल्ला येतो. बॉबी फिशरनं १९७० ला बेलग्रेडमध्ये माजी जगज्जेत्या पेट्रोस्यानविरुद्ध हेच खेळून डाव काढला होता, तेव्हा साधी म्हणून सोडून देऊ नका. फिल्टर लावताना एक लक्षात ठेवा, लिचेसचं रेटिंग फिडेपेक्षा साधारण फुगलेलं असतं, म्हणून एक खण वरचा निवडा.

इंजिन कधी लावायचं? शेवटी. आधी ट्री, मग डाव, मग स्वतःचं डोकं, मग स्टॉकफिश. एकावेळी तीन लाइन्स दाखव असं सेट करा, एकच ठेवली तर ती देववाणी वाटते, तीन दिसल्या की कळतं की पहिल्या आणि तिसऱ्यात फरक नावापुरता आहे आणि मग आपल्याला कळणारी घेता येते. सगळीकडे शून्य-शून्य (म्हणजे बरोबरी) दाखवतंय म्हणून खूश होऊ नका, तो शून्य टिकवायला नऊ अचूक चाली लागत असतील तर तो शून्य स्टॉकफिशचा, आपला नाही. मी शेवटच्या पोझिशनला चाल नाही तर वाक्य लिहितो: ‘सी५ ढकलायचं, घोडा ई७ वरून एफ५ ला, सी पट्टी उघडली तर हत्ती तिकडं’. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ती लाइन मला समजलेली नाही, मग ती फाइलमध्ये कितीही खोल असो. बहुतेक लाइन्स आठ ते दहा चालींत थांबवतो.

कमेंट मराठीत लिहायला मजा येते पण एक अडचण सांगतो. पीजीएनचं मूळ स्टँडर्ड नव्वदच्या दशकातलं, त्यात देवनागरीचा विचारच नव्हता, त्यामुळे लिचेसवर नीट दिसणारी कमेंट एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये उघडली की प्रश्नचिन्हांची रांग. आधी एका डावात दोन शब्द लिहून, सेव्ह करून, बंद करून, परत उघडून बघा. फाइलचं नाव तरी इंग्रजी अक्षरांतच ठेवा.

आता ट्रान्सपोझिशन, म्हणजे वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचणं. हे हातानं सांभाळणं अशक्य आहे आणि सॉफ्टवेअर खरं इथं पैसे वसूल करतं (फुकट असलं तरी). उदाहरण घ्या, समोरचा पहिली चाल सी४ खेळतो, तुम्ही सी६, तो ई४, तुम्ही डी५, त्यानं ईच्या प्याद्यानं मारलं, तुम्ही सीच्या प्याद्यानं मारलं, आणि त्यानं डी४ केलं. अरे, ही तर कॅरो-कानची पॅनोव्ह नावाची लाइन! कॅरोमध्ये प्यादी मारामारी झाल्यावर सी४ येतं तीच हुबेहूब पोझिशन. पीजीएनच्या यादीत हे दोन वेगळे डाव दिसतील, पण ट्री पोझिशन बघतो, चालींचा क्रम नाही, म्हणून दोन्हीकडून तिथंच पोचतो. तेव्हा ट्री संदर्भाच्या डेटाबेसवर तर लावाच, पण आठवड्यातून एकदा स्वतःच्या रेपर्टॉयरवर पण लावा आणि चालत चालत जा. एखाद्या पोझिशनला तुमच्याच दोन वेगळ्या चाली दिसल्या तर समजा की दोन महिन्यांच्या अंतरानं तुम्ही स्वतःशीच भांडलाय. माझ्या फाइलमध्ये अशा अकरा जागा सापडल्या होत्या.

मला सगळ्यात फायदा झाला तो दुसऱ्या डेटाबेसचा, स्वतःच्या डावांचा. डाव झाला की त्याच रात्री टाकायचा, उद्यावर ढकललं की संपलं. लिचेसवरचे डाव प्रोफाइलवरून एकत्र पीजीएन म्हणून उतरवता येतात. प्रत्येक डावात एक जागा शोधायची: मी माझ्या फाइलमधून बाहेर कुठं पडलो, किंवा तो कुठं पडला. तिथं ‘फाटा’ असा एक शब्द कमेंटमध्ये टाकतो, कारण स्किडच्या हेडर सर्चमध्ये पीजीएनमधला मजकूर शोधायची सोय आहे, महिन्याच्या शेवटी ‘फाटा’ शोधला की सगळे डाव समोर. मग बघायचं, मी विसरलो होतो का, की फाइलमध्ये उत्तरच नव्हतं. विसरलो असेन तर फाइलला हात लावायचा नाही, सराव वाढवायचा. उत्तर नव्हतं आणि ती चाल दुसऱ्यांदा आली असेल तरच नवा डाव तयार करायचा. पहिल्यांदा आली तर नाही! हा माझा सगळ्यात कडक नियम आहे, आणि सगळ्यात जास्त मोडावासा वाटणारा, कारण हरून आल्यावर रात्री अकरा वाजता त्या चालीचा सूड घ्यायची इच्छा होते आणि पहाटे दोनला तुमच्याकडे एकदाच आलेल्या चालीवर अठ्ठावीस लाइन्स असतात.

ह्याला एक अपवाद. ज्या चुकीनं मोहरं जातं किंवा मात होते ती एकदाच आली, किंवा नुसती वाचली, तरी लिहून ठेवायची. त्यासाठी माझी वेगळी छोटी फाइल आहे, नाव ‘खड्डे’. वरचा तो एच४ नंतरचा ई६ त्यात पहिल्या नंबरवर. दुसऱ्या नंबरवर कॅरोमधली ती प्रसिद्ध फजिती: ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, प्याद्यानं मारलं, घोड्यानं परत मारलं, घोडा डी७, आणि पांढरा वजीर ई२ ला आणतो, तेव्हा डोळे मिटून दुसरा घोडा एफ६ ला नेला की घोडा डी६ आणि मात. ई७ चं प्यादं वजिरामुळे अडकलेलं, मारता येत नाही. सहा चालींत घरी. खड्ड्यांच्या फाइलमध्ये माझ्याकडे चौदा पोझिशन्स आहेत, आणि राउंडच्या आधी रिक्षात बसून मोबाइलवर तेवढ्याच बघतो, बाकी काही नाही.

छाटणी तीन महिन्यांतून एकदा. ज्या लाइनला माझ्या डावांमध्ये एकदाही कोणी आलं नाही ती रेपर्टॉयरमधून काढून ‘माळा’ नावाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये टाकतो. पुसत नाही, जीव होत नाही, पण नजरेआड. साडेतीनशेवरून आता काळ्याची पूर्ण तयारी, ई४ आणि डी४ दोन्हीवर, एकशे दहा डावांत बसते.

सराव कसा करायचा ह्यावर फार लिहीत नाही. चेसेबलसारख्या ओपनिंग पाठ करून घेणाऱ्या साइटवर विसरायच्या बेतात आलेली चाल परत विचारतात, ती पद्धत चालते, स्वतःची पीजीएन लिचेसच्या स्टडीमध्ये टाकून इंटरॅक्टिव्ह लेसन केलं तरी चालतं. स्टडी प्रायव्हेट ठेवा, आणि एका स्टडीत ६४ चॅप्टरच बसतात, म्हणून पांढऱ्याची एक, काळ्याच्या दोन असं तोडावं लागतं. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, उरलेल्या वेळात टॅक्टिक्स करा, सोळाशेच्या पातळीवर डाव ओपनिंगनं कमी आणि बावळटपणानं जास्त जातात.

स्पर्धेत समोरच्याची तयारी करायची म्हणाल तर पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागल्यावर नाव डेटाबेसमध्ये टाकून बघायला हरकत नाही, पण आपल्याकडची नावं म्हणजे गंमत, आडनाव आधी, नंतर, वडिलांचं नाव मध्ये, आद्याक्षरं मागेपुढे, एकच माणूस चार रूपांत. फिडे आयडी माहीत असेल तर तो द वीक इन चेसच्या पीजीएनमध्ये बहुधा असतो, त्यावरून खात्री करा. आणि खरं सांगायचं तर आपल्या बोर्डावरचे बहुतेक डाव कुठल्याच डेटाबेसमध्ये जात नाहीत. लिचेसवरचं त्याचं यूजरनेम माहीत असेल तर एक्सप्लोररच्या प्लेअर टॅबमध्ये ते टाकून रंग निवडला की तो काय खेळतो ते मिनिटात कळतं. तुमचंही त्याला तसंच कळतं, हे डोक्यात ठेवून ज्यांना जमेल त्यांनी सरावाला वेगळं खातं ठेवा.

आणि बॅकअप. स्किडचा डेटाबेस म्हणजे एक फाइल नाही, तीन असतात, एकात यादी, एकात डाव, एकात नावं. मी एकदा लॅपटॉप बदलताना पेनड्राइव्हवर फक्त एसआय४ वाली नेली, ती म्हणजे नुसती यादी, डाव दुसऱ्या फाइलमध्ये राहिले आणि जुना लॅपटॉप फॉरमॅट होऊन गेला होता. चेसबेसवाल्यांचंही तेच, एका डेटाबेसच्या मागे फायलींचं लटांबर असतं, म्हणून त्यांनी सीबीव्ही अर्काइव्ह (सगळ्या फायली एकात बांधलेली फाइल) करून न्यावं. आता मी दर महिन्याच्या एक तारखेला रेपर्टॉयर, माझे डाव, खड्डे आणि माळा, चारही साध्या पीजीएनमध्ये एक्सपोर्ट करतो, नावात वर्ष-महिना टाकतो आणि स्वतःलाच मेल करतो. पीजीएन म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये पण उघडतो, उद्या स्किड बंद पडलं तरी तो कुठंही चालेल. संदर्भाच्या मोठ्या डेटाबेसचा बॅकअप घेत नाही, तो परत उतरवता येतो.